गोल्डफिश आणण्याआधीचा महिना

मासे सगळ्यात शेवटी आणायचे. या यादीतल्या बाकीच्या गोष्टी थोड्या मागेपुढे झाल्या तरी चालतील, पण हा क्रम मोडू नका. माझी पहिली टाकी आणि तिच्यातले दोन गोल्डफिश एकाच दिवशी घरी आले होते. पाणी इतकं नितळ होतं की मी खूश होतो. आठवड्याभरात दोघंही पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागले, आणि दहाव्या दिवशी टाकी रिकामी झाली. कारण मला बरंच नंतर कळलं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. तो दिसत नाही आणि कल्ले जाळतो. त्याचा निचरा करणारे जीवाणू नव्या टाकीत अजून वस्तीला आलेलेच नसतात.

म्हणून सुरुवात टाकीपासून करू. गोल काचेचं भांडं मनातून काढूनच टाका; त्यात पाणी थोडं आणि हवा लागायला जागा त्याहून थोडी. बोटाएवढा दिसतो तो मासा पिल्लू असतो. ओरांडा, रयुकिन, फँटेल अशा गोलसर, दुहेरी शेपटीच्या जाती 15 ते 20 सेंटिमीटरपर्यंत वाढतात. एकेरी शेपटीचा कॉमन किंवा कॉमेट तर त्याहूनही मोठा होतो, त्याला खरं म्हणजे तळंच हवं. नवशिक्याने गोलसर जातीचे दोन मासे ठेवावेत असं माझं मत आहे, कारण गोल्डफिश एकटा ठेवू नये. दोघांसाठी साधारण 115 लिटर पाणी धरा. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि हजारने भागायचं, म्हणजे लिटर मिळतात. 90 × 35 × 40 ची टाकी काठोकाठ भरली तर 126 लिटर होते. उंच आणि अरुंद टाकीपेक्षा लांब आणि पसरट टाकी घ्या, पृष्ठभाग जितका मोठा तितका ऑक्सिजन जास्त विरघळतो.

मग जागा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यावर काच आणि खडी. एवढं वजन साध्या टेबलावर ठेवू नका. स्टँड मजबूत हवा, त्याची पातळी तपासलेली हवी, टाकीवर थेट ऊन नको. ऊन पडलं की पाणी तापतं आणि शेवाळं माजतं. वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल.

गोल्डफिश खादाड आणि घाणेरडे असतात, हे प्रेमाने सांगतो. त्यामुळे फिल्टर टाकीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या. त्यात स्पंज आणि सिरॅमिक रिंग असाव्यात, कारण जीवाणू त्यांच्यावरच राहतात. प्रवाह फार जोराचा नको, गोलसर मासे त्यात दमतात. सोबत एअर पंप आणि एअर स्टोन. बॅटरीवर चालणारा एक पंप वीज जाईल त्या वेळेसाठी ठेवा. तळाला बारीक वाळू घाला किंवा माशाच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे गोटे. मधल्या आकाराची खडी घशात अडकते. धुताना साबण अजिबात नको. टोकदार शोभेच्या वस्तू टाळा, विशेषतः बाहेर आलेल्या डोळ्यांचा टेलिस्कोप जातीचा मासा ठेवणार असाल तर. वनस्पती हव्या असतील तर अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला किंवा दगडाला बांधून लावा. बाकी कोवळं काही लावलं तर ते चट्टामट्टा होईल. थर्मोमीटर, सायफनची नळी, जाळी आणि फक्त टाकीसाठी वेगळी ठेवलेली बादली हवी. आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजणारं थेंबांचं टेस्ट किट. पैसे कुठे वाचवायचे ते तुम्ही ठरवा, पण किटवर वाचवू नका.

आता खरं काम. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते काढणारं औषध बाटलीवरच्या मापाने घाला. दिवसभर उघडं ठेवल्यावर क्लोरीन उडतं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून बनलेलं जंतुनाशक) तसं उडत नाही. पाणी भरून फिल्टर सुरू करा आणि टाकीत मासा नसताना रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो. जीवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते बरंच सौम्य. किटवर आधी अमोनिया चढताना दिसेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा, बरेच दिवस वाचतील. रोज खाद्य पडूनही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग काही दिवस शून्य आले की पाणी तयार. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदला.

मासा निवडताना पर ताठ आहेत का आणि पोहणं सरळ आहे का ते बघा. त्याच टाकीत मेलेला मासा दिसला तर काहीही न घेता परत या. अंगभर मिठाच्या कणांसारखे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट हा रोग. मात्र फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला ठिपके असतील तर तो बहुधा विणीच्या काळातला नर असतो, आजारी नव्हे. घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग मासा जाळीने सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. त्या दिवशी दिवा बंद ठेवा आणि खायला देऊ नका.

पुढे दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य. गोल्डफिशला खरं पोट नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं, म्हणून तो कायम मागतच राहतो. बुडणाऱ्या गोळ्या बऱ्या. अधूनमधून साल काढलेला उकडलेला मटार द्या. तापमान 18 ते 23 अंशांत असलं की हीटर लागत नाही. पाणी जास्त तापलं तर त्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा एअर पंप वाढवा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं हवं. नायट्रेट 40 पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे सुमारे 40 मिलिग्रॅमच्या) वर जाऊ देऊ नका. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळा. नळाखाली धुतलात तर महिनाभर जपून वाढवलेले जीवाणू क्लोरीनने मरतात.

गावाला जायचं असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला. धडधाकट मोठा मासा चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो. त्याहून जास्त दिवस असतील तर खाद्याच्या रोजच्या पुड्या बांधून शेजाऱ्यांकडे द्या आणि डबा आपल्या कपाटात ठेवा.