एकट्याने एल्कच्या मागावर: धनुष्यबाणवाल्यांनो, या चुका टाळा

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत धनुष्याने एल्क (फाटेदार शिंगांचे मोठे हरीण) मारायचा हंगाम २ सप्टेंबरला उघडतो आणि ३० तारखेला संपतो. नर माजावर येतात तेही याच महिन्यात, साधारण मध्यानंतर. मग रानभर त्यांचे बिगुल, म्हणजे नरांच्या लांबलचक हाका, ऐकू येतात आणि शिकाऱ्याला वाटते, आता आवाजाच्या दिशेने चालत गेले की झाले. तसे होत नाही. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच उरत नाही. हे लिखाण रॉकी पर्वतात परवाना काढून जाणाऱ्यांसाठी आहे.)

एकट्याच्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. दोघांसाठी तयार झालेली पद्धत तो जशीच्या तशी वापरतो. दोघे असले की एक जण ६०-७० यार्ड मागे राहून मादीचा आवाज काढतो आणि त्या आवाजाकडे निघालेला नर पुढे दबा धरून बसलेल्या दुसऱ्याच्या समोरून जातो. एकट्याला हाकही मारायची असते, बाणही सोडायचा असतो आणि नंतर पाच-सहा खेपा करून मांसही वाहायचे असते.

वारा सकाळी एकदाच बघणे

मोबाइलवर 'पश्चिमेचा वारा' असे दिसते. तो डोंगरमाथ्यावरचा वारा. घळीत आणि उतारावर हवा वेगळ्याच हिशेबाने वाहते. पहाटे थंड हवा जड होऊन घळीतून खाली सरकते. उतारावर ऊन पडून तो तापला की साधारण नऊ-दहाच्या सुमारास हवा वर चढू लागते आणि संध्याकाळी सावली आली की पुन्हा खाली उतरते. म्हणून पहाटे जनावराच्या खालच्या बाजूने जावे आणि ऊन चढल्यावर वरून उतरावे. पूर्वेकडच्या उतारावर हा बदल लवकर होतो, उत्तरेकडच्या दाट झाडीत उशिरा.

खरा घात होतो तो बदलाच्या वेळी. त्या अर्ध्या-पाऊण तासात हवा गोल फिरते, एकदा गालाला लागते तर एकदा मानेला. नर १५० यार्डांवर बिगुल वाजवत असला तरी त्या वेळी पुढे सरकू नये. मागे येऊन बसावे आणि हवा एका दिशेला लागली की निघावे. आवाज झाला किंवा काही हलताना दिसले तर एल्क थांबून खात्री करून घेतो. माणसाचा वास लागला की तो खात्री करत बसत नाही, कळप घेऊन दुसऱ्या खोऱ्यात जातो.

पावडरची बाटली हातभर अंतरावरची हवा दाखवते. त्याहून चांगली युक्ती म्हणजे तिथल्या मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस. हे झाड आपल्या रुईच्या कुळातले आणि त्याच्या बिया म्हातारीसारख्याच उडतात. एक म्हातारी सोडली की ती ३०-४० यार्डांपर्यंत नजरेला दिसते आणि वारा पुढे कुठे वळतो तेही कळते. खिशात डबीभर ठेवावी आणि दर दहा मिनिटांनी एक सोडावी.

जिथे उभे, तिथूनच हाक

'नर ७० यार्डांपर्यंत आला, थांबला, बघितले आणि निघून गेला' ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. आवाज कुठून आला हे एल्कला अगदी नेमके कळते. ज्या जागेवरून 'इथे मादी दिसायला हवी' असे त्याला वाटते तिथे येऊन तो थांबतो. मादी दिसली नाही तर पुढे येत नाही. मोकळ्या विरळ झाडीत ती जागा ७०-८० यार्डांवर पडते, म्हणजे बाणाच्या टप्प्याबाहेर.

यावर उपाय जागेच्या निवडीत आहे. सोंडेचा उंचवटा, वाटेचे वळण, पडलेल्या झाडांची रांग असे काहीतरी मध्ये हवे, म्हणजे हाकेची जागा नराला पहिल्यांदा दिसेल तेव्हा तो तुमच्यापासून २५-३० यार्डांवर असेल. दुसरे म्हणजे हाक मारून तिथेच बसू नये. आवाज काढावा, हाकेच्या नळीचे तोंड मागच्या बाजूला वळवून आणखी एकदा काढावा आणि लगेच वाऱ्याच्या अंदाजाने ३०-४० यार्ड पुढे सरकावे. नर जुन्या जागेकडे येतो आणि तुम्ही त्याच्या वाटेच्या कडेला असता.

येताना तो सरळ येत नाही, वाऱ्याच्या खालच्या बाजूने वळसा घेतो, कारण त्यालाही वास घ्यायचा असतो. म्हणून ती बाजू कडा, आडवीतिडवी पडलेली झाडे किंवा उघडे कुरण यांनी अडलेली असेल अशी जागा शोधावी. नाही सापडली तर वळसा तिकडूनच येणार हे धरून पुढे सरकतानाच त्या बाजूला थोडे कलावे.

एकट्याने तोंडात धरायचा डायफ्रॅमच (हाक काढायची पातळ पडद्याची शिट्टी) वापरावा. हाताने दाबायचे किंवा ओठांना लावायचे साधन ऐन वेळी खाली ठेवावे लागते आणि ती हालचाल महागात पडते. हाका मोजक्या माराव्यात. मोठा बिगुल वाजवून कळपाच्या धन्याला आव्हान दिले की तो बऱ्याचदा लढायला येत नाही, माद्या गोळा करून निघून जातो. दुरून बिगुल मारून त्याला ओढण्यापेक्षा गुपचूप १०० यार्डांच्या आत जाऊन मादीची एक हलकी हाक द्यावी.

कळपाच्या शेपटाला लागणे

सकाळी कळप कुरणातून झोपायच्या झाडीकडे निघतो. नर मागे राहून बिगुल वाजवत असतो आणि शिकारी त्याच्या मागे धावतो. चढावर चालणारा एल्क तुमच्या हाती लागणार नाही, विशेषतः २,८०० मीटरवर, जिथे पहिले दोन-तीन दिवस नुसते चालायलाही धाप लागते. समांतर चालावे, वारा कळपाकडून आपल्याकडे येईल अशी बाजू धरावी आणि ते जिथे जाणार त्या खिंडीत किंवा धारेवर आधी पोहोचावे.

नर बिगुल वाजवत असताना किंवा शिंगे झाडावर घासत असताना चालावे, गप्प झाला की थांबावे. पायाखाली काटकी मोडली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, एल्कही काटक्या मोडतात. त्यांना खटकतो तो माणसाच्या चालीचा एकसारखा ठेका. तीन पावले, थांबा, दोन पावले, असे चालावे. लक्ष नुसते नरावर ठेवू नये. त्याच्याभोवतीच्या माद्यांपैकी कडेची, मान वर करून उभी असलेली म्हातारी मादी सगळा डाव उधळते.

ताणायची वेळ चुकणे

झुडपामागे लपू नये, झुडपासमोर बसावे. पाठीमागे काळोखी झाडी असली की आकृती तिच्यात मिसळते आणि बाणाला समोर वाट मोकळी राहते. हाक देण्याआधीच बाण दोरीला लावलेला असावा आणि तीन-चार झाडांची अंतरे मोजून लक्षात ठेवलेली असावीत. चढ-उतारावर सरळ मापाने फसगत होते. ३० अंशांच्या उतारावर ४० यार्डांवरच्या लक्ष्याला सुमारे ३५ यार्डांचा नेम लागतो, वर मारा किंवा खाली.

नराचे डोळे झाडाच्या बुंध्याआड गेले की ताणावे. आधी ताणून ठेवले तर हात थरथरतात. ७० पौंडांचे कंपाउंड (टोकांना चाकी असलेले) धनुष्य पूर्ण ताणल्यावर ८० टक्के सैल पडले तरी १४ पौंड हातात राहतातच. गुडघ्यावर बसून ताणताना खालची चाकी मांडीला किंवा जमिनीला लागते, हे घरीच तपासावे. सरावही त्याच बसणीत, पाठीवर पिशवी घेऊन, धापा टाकत करावा.

नर आडवा उभा असेल किंवा तोंड पलीकडे करून थोडा तिरका असेल, तेव्हाच बाण सोडावा. तिरका आपल्याकडे येणारा नर सगळ्यात मोहात पाडतो, पण खांद्याच्या जाड हाडामागे फुप्फुस झाकलेले असते आणि बाण तिथे अडकतो. पाहिलेल्या शिंगांवर भरवसा ठेवण्याआधी परवान्याची अट आठवावी. कोलोरॅडोच्या अनेक युनिटांत (शिकारीच्या विभागांत) एका शिंगाला किमान चार टोके किंवा कपाळाजवळचा फाटा पाच इंचांचा असल्याशिवाय नर मारता येत नाही.

बाण लागल्यावर धावत सुटणे

सुटलेल्या बाणानंतर लगेच मादीची हाक द्यावी. बिथरलेला नर पुष्कळदा थांबतो. मग तो शेवटचा दिसला ती जागा कंपासवर टिपावी आणि बाण शोधावा. फेसाळ गुलाबी रक्त असेल तर बाण फुप्फुसाला लागला, अर्धा-एक तास थांबावे. गडद लाल म्हणजे यकृत, चार ते सहा तास. हिरवट, घाण वासाचा चिखल म्हणजे पोट, आठ ते बारा तास. घाईने उठवलेला जखमी नर दोन किलोमीटर जातो आणि त्याचा माग दिसेनासा होतो. पाऊस येणार असेल किंवा अंधार पडत असेल तर मात्र हे तास ताणता येत नाहीत. माग काढताना प्रत्येक ठिपक्याजवळ रंगीत फीत बांधावी, एकट्याला मागे वळून रेषा बघायला तेवढाच आधार.

वाहून आणायचा हिशेब न करणे

मोठ्या नराचे हाडे काढलेले मांस ९०-१०० किलो भरते. खेपेला २५ किलो म्हटले तर चार खेपा, शिंगे आणि तंबूचे सामान धरून पाच. गाडी पाच किलोमीटरवर असेल तर पाच भरल्या खेपा आणि चार रिकाम्या, मिळून ४५ किलोमीटर. चढउतारावर हे दोन दिवसांचे काम आहे. म्हणून एकट्याने गाडीपासून तीन किलोमीटरच्या पलीकडे बाण सोडताना थंडी किती आहे ते बघावे. सप्टेंबरच्या उन्हात कातडी न काढलेली मागची तंगडी हाडाजवळून आंबते. पोट न फाडता वरच्या बाजूची कातडी सोलून आधी वरची तंगडी आणि फऱ्या काढाव्यात, पाठीचे लांब पट्टे सोडवावेत, मग जनावर उलटावे. मांस सुती पिशव्यांत भरून सावलीत, हवा खेळेल असे टांगावे.

हाडे काढताना जनावर नर की मादी याचा पुरावा एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवायचा असतो. वाटेत वनखात्याचा माणूस तपासणीला थांबवतो तेव्हा नेमके हेच विचारतो. वायोमिंग किंवा माँटाना या राज्यांत ग्रिझली अस्वले आहेत. तिथे मांस उरलेल्या धडापासून किमान १०० यार्ड दूर न्यावे आणि पुढची खेप करायला येताना लांबूनच ओरडत यावे, अस्वलाला पळवायचा फवारा पिशवीत न ठेवता कमरेला लावून.