बालवाडीत टीव्ही आणि टॅब वापरताना या चुका टाळा

बालवाडीच्या भिंतीवर नवा स्मार्ट टीव्ही लागला की पहिले काही दिवस सगळेच खूश असतात. मुले जागची हलत नाहीत, पालक कौतुक करतात आणि ताईंना नोंदवह्या भरायला निवांत वीस मिनिटे मिळतात. अडचण दोन-तीन महिन्यांनी लक्षात येते. एका बालवाडीत मुलांनी माझ्यासमोर टीव्हीबरोबर एकामागून एक बडबडगीते हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवली. तेवढ्यात वीज गेली, आणि नुकतेच म्हटलेले गीतसुद्धा कोणाला दुसऱ्या ओळीपुढे नेता येईना. गीत टीव्ही म्हणत होता आणि मुले ओळीच्या शेवटचा शब्द तेवढा उचलत होती, हे त्या क्षणी ताईंच्याही ध्यानात आले.

व्हिडिओ लावून ताईंनी बाजूला होणे

सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे. बालभाषेच्या संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे केलेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. इंग्रजी भाषक घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांशी काही चिनी भाषक व्यक्ती बारा बैठकांमध्ये प्रत्यक्ष खेळल्या-बोलल्या, तेव्हा त्या बाळांना मँडरिन या चिनी भाषेतील ध्वनींचे भेद ओळखता येऊ लागले. तेच बोलणे पडद्यावर दाखवले तेव्हा मात्र काहीच साधले नाही. बालवाडीतील मुले या बाळांपेक्षा मोठी असतात आणि पडद्यावरून थोडेफार शिकतातही, पण समोरचे माणूस डोळ्यांत पाहून थांबते, चुकले तर हसते, पुन्हा विचारते, हे काम पडदा त्यांच्यासाठीही करत नाही.

म्हणून नवे गीत आधी ताईंनी स्वतः म्हणावे. आवाज बेसूर असला तरी मुलांची काही तक्रार नसते. चार-पाच दिवसांनी, मुलांना ते येऊ लागल्यावर, व्हिडिओ लावायचाच असेल तर आवाज बंद करून लावावा आणि चित्र पाहत मुलांनाच म्हणू द्यावे. गोष्टीचा व्हिडिओ मध्येच थांबवून "आता मांजर कुठे लपेल?" असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे नेऊ नये.

काचेवर अक्षर गिरवून घेणे

टॅबवर बोट फिरवून "क" काढणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला अ‍ॅप टाळ्या वाजवून दाखवते. तेच मूल पाटीसमोर बसले की पेन्सिल मुठीत धरते, रेघ एकीकडे दाबून तर दुसरीकडे पुसट येते आणि गोलाकार पूर्ण होत नाही. कारण साधे आहे: काच बोटाला विरोध करत नाही, बोट जरा घसरले तरी अनेक अ‍ॅप रेघ सांभाळून घेतात, आणि अंगठा व पहिली दोन बोटे यांच्या चिमटीला काही कामच पडत नाही. ही चिमूट चिंचोके वेचण्याने, मणी ओवण्याने, कणकेच्या गोळ्या वळण्याने आणि रांगोळी सोडण्याने तयार होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा खडे, पाने, बिया, शिंपले हीच त्यांची साधने होती. ती गरिबीमुळे नाइलाजाने आलेली सोय होती असे कोणी समजू नये. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणलेल्या "जादुई पिटारा" या संचातही खेळणी, कोडी आणि बाहुल्या अशा हाताळण्याच्या वस्तूंवरच भर आहे.

अक्षरांचे अ‍ॅप निवडताना मराठीपुरती आणखी एक तपासणी करावी, कारण पुष्कळशी अ‍ॅप मुळात हिंदीसाठी बनवलेली असतात. त्यांत "ळ" असतो का, ते पाहावे. "ल" पाकळीचा आणि "श" देठाचा आहे की हिंदी वळणाचा, तेही पाहावे. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी ही वळणे ठरवून दिलेली आहेत. "चमचा" आणि "चंद्र" यांतील "च" वेगवेगळे उच्चारले जातात, हे तर बहुतेक अ‍ॅपच्या गावीही नसते. ते शेवटी ताईंच्याच तोंडून मुलांच्या कानावर पडावे लागते.

घरचा पडदा न मोजणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, आणि कमी असेल तेवढे चांगले. जेवताना मोबाइल लागतो अशा घरातील मुलाचा तो तास बालवाडीत येण्याआधीच संपलेला असतो. पालकसभेत हे विचारून घ्यावे, पण दरडावून विचारू नये, नाहीतर खरे उत्तर मिळत नाही.

तांत्रिक अडचणींवरचे उपाय सोपे आहेत. व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावेत, म्हणजे इंटरनेट लागत नाही आणि मध्ये जाहिरातही येत नाही. ऑनलाइनच लावायचे असतील तर आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करून ठेवावी.

मोबाइल फक्त फोटोसाठी बाहेर काढणे

मातीचा बैल करण्यात गढलेल्या मुलाला "इकडे बघ" म्हटले की त्याची तंद्री मोडते आणि बैल अर्धाच राहतो. शिवाय मुलांचे फोटो पालकांना न विचारता गटावर टाकणे योग्य नाही. माझ्या मते ताईंच्या मोबाइलमधील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित सोय आवाज टिपण्याची आहे. जूनमध्ये मुलाला एखादे चित्र दाखवून तो काय सांगतो ते टिपून ठेवावे आणि तेच चित्र डिसेंबरमध्ये पुन्हा दाखवावे. "कुत्रा. पळाला" इथपासून "कुत्रा पळाला कारण त्याला मांजर दिसली" इथपर्यंतचा प्रवास कोणत्याही गुणपत्रकापेक्षा आईला लवकर कळतो. मूल घरी अहिराणी किंवा वारली बोलत असेल, तर त्याला त्याच बोलीत सांगू द्यावे, आणि शक्य झाल्यास त्याच्या आजीकडून एक गोष्ट टिपून आणून ती वर्गात सर्वांना ऐकवावी.