सोलापूरहून स्कॉटलंडच्या दुर्गम शिखरावर: 'अ व्हायजन'च्या चढाईची तयारी

स्कॉटलंडमधील सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने ठेंगणे आहे. पण या आकड्यावर विसंबून बेत आखला तर तो फसतो. तिथे ३००० फुटांवरील २८२ शिखरांना 'मन्रो' म्हणतात आणि त्यांपैकी दुर्गम शिखरांचा हिशेब उंचीपेक्षा गाडीरस्त्यापासूनचे अंतर, वाटेतील पाणी आणि हाताशी असलेला उजेड यांवर करावा लागतो.

सर्वांत दुर्गम मन्रो म्हणून ओळखले जाणारे ९६७ मीटरचे 'अ व्हायजन' घ्या. पूल्यू या समुद्रकाठच्या गावातून कर्नसरीपर्यंत कच्चा रस्ता आहे. पुढे दलदलीची पायवाट फिओन लॉख या विस्तीर्ण सरोवराच्या कडेने जाते, आणि फिओन लॉख व डूलॉख यांच्यामधल्या अरुंद दगडी बांधावरून पलीकडे कार्नमोरला पोहोचते. तिथून चढणारी वाट 'अ व्हायजन' आणि शेजारचे 'रुआ स्टाक मोर' यांच्यामधील खिंडीत नेते, जिथून दोन्ही शिखरे गाठता येतात. जाऊन-येऊन अंतर सुमारे ४० किलोमीटर. ताशी पाच किलोमीटर आणि दर १०० मीटर चढाईला दहा मिनिटे जादा, या जुन्या नियमाने दहा तासांहून अधिक वेळ लागतो. चिखल व पाठीवरचे ओझे धरून दोन दिवस ठेवावेत आणि कार्नमोरजवळ तंबू लावावा. २००३ च्या कायद्याने असा जबाबदारीने केलेला मुक्काम तिथे वैध आहे. कॉरी हॅलीकडून शेनावॉल झोपडीमार्गेही जाता येते, परंतु त्या वाटेवर पूल नसलेल्या दोन नद्या पायी ओलांडाव्या लागतात. पाऊस झाला असेल तर तो मार्ग विचारातही घेऊ नये.

कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना एवढे अंतर नवे नाही. मात्र त्यांनी आधी काही आठवडे बारा-पंधरा किलोंची सॅक घेऊन बालाघाटच्या चढावर सराव करावा. कपड्यांत सुती काही नको, कारण भिजलेले सूत वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेते. आपल्या गावाचा अभिमान असलेली चादर या एका प्रवासात घरीच बरी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र अवश्य घ्यावी, कारण ती टिकते, हलकी असते आणि भिजत्या वाऱ्यात चूल न पेटवता खाता येते. ब्रिटनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी असल्याने तुपाची बरणी नेऊ नये.

मे महिना सर्वांत सोयीचा: दिवस मोठा असतो आणि मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचे थवे अजून पुरते माजलेले नसतात. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत हरणांची शिकार चालते, तेव्हा स्थानिक सूचना पाहूनच वाट ठरवावी. मोबाइलला रेंज मिळेल असे गृहीत न धरता कागदी नकाशा व होकायंत्र घ्यावे, आणि ते धुक्यात वापरण्याचा सराव इथेच करावा. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी मार्ग व परतीची वेळ लिहून ठेवावी. अपघात झाल्यास ९९९ वर पोलिसांमार्फत पर्वतीय बचाव पथक मागावे; रेंज नसेल तर मिनिटाला सहा शिट्या वाजवाव्यात, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा वाजवाव्यात.