छोट्या विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक जाणार की राहणार, हे कसे ओळखावे

अमेरिकेतील एखाद्या लहानशा विद्यापीठाच्या (अमेरिकन पद्धतीच्या) फुटबॉल संघात ज्याचा जीव गुंतला आहे, त्याला नोव्हेंबर उजाडला की एक विचित्र धास्ती वाटू लागते. संघ हरत असेल तर दुःख सरळ असते. पण संघ जिंकत असेल, तर प्रत्येक विजयाबरोबर आपला प्रशिक्षक दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेत भरतो आहे, ही जाणीव आनंदात मिठाचा खडा टाकते. ही धास्ती निराधार नाही. २०२५ च्या हंगामात राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) चार बड्या कॉन्फरन्सबाहेरचे, म्हणजे विद्यापीठांच्या स्पर्धा-गटांबाहेरचे, दोनच संघ पोहोचले, टुलेन आणि जेम्स मॅडिसन. आणि या दोन्ही संघांचे मुख्य प्रशिक्षक, जॉन समरॉल आणि बॉब चेस्नी, प्लेऑफमधला आपला सामना खेळवण्यापूर्वीच अनुक्रमे फ्लोरिडा आणि यूसीएलए येथील नव्या पदासाठी करारबद्ध झालेले होते.

अशा वेळी अफवांच्या मागे धावण्यापेक्षा काही ठरावीक गोष्टी ठरावीक क्रमाने तपासाव्यात. त्यासाठी कोणाच्या आतल्या गोटात असण्याची गरज नाही, कारण बहुतेक माहिती उघड्यावरच पडलेली असते.

नकाराला किती वजन द्यावे

पहिली सवय अशी लावून घ्यावी की प्रशिक्षकाने पत्रकार परिषदेत दिलेला नकार हिशेबात धरायचाच नाही. तो होकारही समजायचा नाही आणि नकारही नाही. डिसेंबर २००६ मध्ये निक सेबन मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होते आणि आपण अलाबामाचे प्रशिक्षक होणार नाही, असे त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले होते. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ते अलाबामाचे प्रशिक्षक झाले. २००६ च्याच जुलैमध्ये बॉबी पेट्रिनो यांनी लुईव्हिल विद्यापीठाशी दहा वर्षांचा, अडीच कोटी डॉलरांचा करार केला आणि सहाच महिन्यांत ते अटलांटा फाल्कन्स या व्यावसायिक संघाकडे गेले.

याकडे केवळ खोटेपणा म्हणून पाहिले, तर मात्र आपलीच दिशाभूल होते. माझ्या मते यात स्वभावापेक्षा व्यवसायाचा दोष अधिक आहे. ‘मी विचार करतो आहे’ एवढे एक वाक्य जरी प्रशिक्षकाच्या तोंडून निघाले, तरी पुढच्या वर्षासाठी शब्द दिलेले शाळकरी खेळाडू त्याच संध्याकाळी इतर विद्यापीठांचे फोन घेऊ लागतात, आणि बोलणी फिसकटल्यास त्याला त्याच मोडक्या संघापाशी परतावे लागते. बोलणी त्याचा एजंट करत असल्यामुळे ‘माझे कोणाशीही बोलणे झालेले नाही’ हे त्याचे विधान अक्षरशः खरेही असू शकते.

करार कसा वाचावा

सार्वजनिक विद्यापीठांचे करार त्या त्या राज्याच्या माहितीच्या कायद्याखाली मिळवता येतात आणि स्थानिक वृत्तपत्रे ते बहुधा मिळवतातच. टुलेन किंवा राइस यांसारख्या खासगी विद्यापीठांवर असे बंधन नसल्यामुळे तेथे अंदाजावर भागवावे लागते.

करार हाती आला की मानधनाचा आकडा बाजूला ठेवून ‘बायआउट’चे कलम शोधावे. येथे बातम्यांतही वारंवार गोंधळ होतो, कारण एकाच शब्दाने दोन उलट रकमा ओळखल्या जातात. विद्यापीठाने प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी काढले तर विद्यापीठाने त्याला द्यायची रक्कम ही एक. आणि प्रशिक्षक स्वतःहून सोडून गेला तर त्याने विद्यापीठाला द्यायची रक्कम ही दुसरी. आपला संबंध या दुसऱ्या रकमेशी आहे. ती सहसा दरवर्षी उतरत जाते आणि कोणत्या तारखेला ती खाली येते, हे करारात लिहिलेले असते. ही तारीख कोठे तरी टिपून ठेवावी. ती हंगाम संपण्याच्या सुमारास येत असेल, तर करार लिहिताना प्रशिक्षकाच्या एजंटाने आपले काम चोख केले, असे खुशाल समजावे.

रक्कम मोठी आहे म्हणून प्रशिक्षक थांबेल, असे मात्र मानू नये. कागदोपत्री ती प्रशिक्षकाने भरायची असली, तरी प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा त्याला नेणारे विद्यापीठ भरते किंवा तिचा मोठा वाटा उचलते. २००७ च्या डिसेंबरमध्ये रिच रॉड्रिगेझ वेस्ट व्हर्जिनिया सोडून मिशिगनला गेले तेव्हा ४० लाख डॉलरांच्या बायआउटवरून प्रकरण कोर्टात गेले. पुढच्या उन्हाळ्यात तडजोड झाली, तिच्यात २५ लाख मिशिगनने आणि १५ लाख स्वतः रॉड्रिगेझ यांनी द्यायचे ठरले. मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या छोट्या विद्यापीठांच्या गटात बहुतेक मुख्य प्रशिक्षकांचे वार्षिक मानधन दहा लाख डॉलरांच्या आसपास किंवा त्याखाली असते, त्यामुळे तेथे वीस लाखांचा बायआउट फार मोठा वाटतो. पण ज्या टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढण्यापायी साडेसात कोटी डॉलरांहून अधिक देणे पत्करले, त्याच्यासारख्या विद्यापीठाला तेवढी रक्कम चिल्लर वाटते. बायआउटमुळे जाणारा अडत नाही, मागे राहणाऱ्याच्या हाती चार पैसे राहतात एवढेच. आणि छोट्या विद्यापीठाने तो त्याच हिशेबाने लिहून घ्यावा.

शेवटी अपवादांची कलमे पाहावीत. अर्बन मायर यूटाहला असताना, नोट्र डेमने बोलावल्यास बायआउट न देता जाण्याची मुभा त्यांच्या करारात होती. नोट्र डेमने २००४ मध्ये खरोखरच बोलावले, आणि मायर गेले फ्लोरिडाला! कलमातले नाव चुकले, पण ते कलम ज्याने मागून घेतले तो मनाने दाराशीच उभा होता, एवढे त्यावरून आधीच कळण्यासारखे होते.

दोन पायऱ्या वर पाहा

आपल्या प्रशिक्षकाचे नाव एखाद्या रिकाम्या जागेसाठी घेतले जात नाही म्हणून निश्चिंत होणे, ही सर्वांत सामान्य चूक आहे. जागा एकटी कधीच रिकामी होत नाही. एक भरली की दुसरी मोकळी होते आणि धक्का खाली उतरत जातो. १० जानेवारी २०२४ रोजी सेबन यांनी अलाबामातून निवृत्ती जाहीर केली. वॉशिंग्टनचे केलन डीबोर अलाबामाला गेले, ॲरिझोनाचे जेड फिश वॉशिंग्टनला आले, सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन ॲरिझोनाला पोहोचले, आणि महिना संपायच्या आत सॅन होजे स्टेटला केन नियुमातालोलो यांची नेमणूक करावी लागली. अलाबामा आणि सॅन होजे स्टेट यांचा एरवी एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

म्हणून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये दोन याद्या कराव्यात. पहिलीत ज्या बड्या जागा मोकळ्या झाल्या आहेत किंवा होण्याच्या बेतात आहेत त्या घ्याव्यात, आणि दुसरीत त्या जागांवर ज्यांना नेले जाईल अशा मधल्या पायरीवरच्या प्रशिक्षकांची सध्याची विद्यापीठे घ्यावीत. आपल्या प्रशिक्षकाला धोका बहुधा या दुसऱ्या यादीतून येतो.

यानंतर नाती तपासावीत. प्रशिक्षक स्वतः कोठे खेळला, कोठे सहायक होता आणि कोणत्या राज्यांतील शाळांमधून त्याने खेळाडू निवडले, यावरून त्याची पुढची वाट पुष्कळदा दिसते. स्कॉट फ्रॉस्ट १९९७ च्या नेब्रास्काच्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू) होते. त्यामुळे २०१७ मध्ये त्यांच्या हाताखालचा सेंट्रल फ्लोरिडाचा संघ अपराजित राहत असताना नेब्रास्काची जागा रिकामी झाली, तेव्हा निकाल जवळजवळ ठरलेला होता. क्रीडा संचालकाकडेही लक्ष असावे. जानेवारी २०२१ मध्ये त्याच सेंट्रल फ्लोरिडाचे क्रीडा संचालक डॅनी व्हाइट टेनेसीला गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी आपले प्रशिक्षक जॉश हायपल यांनाही तेथे बोलावून घेतले.

या सगळ्याचे एकत्रित उदाहरण पाहायचे, तर आर्कान्सा स्टेटचे पाहावे. ह्यू फ्रीझ तेथे २०११ चा हंगाम खेळवून ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठाला) गेले; त्यांच्या जागी आलेले गस मल्झान २०१२ चा हंगाम संपवून, जेथून आले होते त्याच ऑबर्नला मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले; आणि तिसरे ब्रायन हार्सिन २०१३ संपताच बॉइसी स्टेट या आपल्या मूळ विद्यापीठात गेले. हार्सिन यांच्यासाठी ती जागा रिकामी झाली, कारण ख्रिस पीटरसन वॉशिंग्टनला गेले. वॉशिंग्टनची जागा रिकामी झाली, कारण स्टीव्ह सार्किझियन यूएससीला (लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) गेले. आणि यूएससीने आपला प्रशिक्षक सप्टेंबरमध्येच काढला होता. लॉस एंजेलिसमधल्या त्या निर्णयाची झळ डिसेंबरमध्ये आर्कान्सा स्टेटच्या जोन्सबरोला बसली.

कोणत्या दिवसांत डोळे उघडे ठेवावेत

नियमित हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीस संपतो, आणि शाळकरी खेळाडूंच्या करारांची लवकरची मुदत २०२४ पासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली आहे. नव्या विद्यापीठाला आपला माणूस त्या मुदतीच्या आत हवा असतो, त्यामुळे थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) शनिवारपासूनचे चार-पाच दिवस सर्वांत धोक्याचे. ओल मिसच्या लेन किफिन यांचे एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) आणि समरॉल यांचे फ्लोरिडाला जाणे एकाच दिवशी, ३० नोव्हेंबर २०२५ रोजी, ठरले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत काही घडले नाही, तर सुटकेचा निःश्वास टाकावा, पण अर्धाच. व्यावसायिक संघांच्या आणि निवृत्तीच्या घडामोडी जानेवारीत होतात. एप्रिलच्या अखेरीस गेलेले लान्स लायपोल्ड (बफलोहून कॅन्ससला, २०२१) हा अपवाद समजावा.

या दिवसांत काही चाहते विद्यापीठांच्या देणगीदारांची खासगी विमाने कोठून कोठे उडाली, हे तपासत बसतात. करमणूक म्हणून ते ठीक आहे. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे विद्यापीठाने पुढे केलेला वाढीव करार प्रशिक्षकाच्या सहीविना पडून राहणे.

जे राहतात ते का राहतात

सगळेच जात नाहीत. पीटरसन बॉइसी स्टेटला आठ हंगाम राहिले, त्यांत त्यांनी ९२ सामने जिंकले आणि केवळ १२ गमावले, आणि त्या काळात त्यांना बोलावणी आली नसतील असे कोणी म्हणणार नाही. फ्रँक सोलिच २००५ ते २०२१ या काळात ओहायो विद्यापीठात होते. त्यापूर्वी नेब्रास्कासारख्या बड्या ठिकाणी जिंकत असतानाही त्यांना काढून टाकले गेले होते. शिडीचे वरचे टोक ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला खालच्या पायरीची किंमत कळते, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून प्रशिक्षकाच्या वयापेक्षा त्याच्या पूर्वीच्या नोकऱ्या पाहाव्यात.

वरची जागा खरोखर चांगली आहे का, हेही पाहावे, कारण शहाणा प्रशिक्षक ते पाहतोच. फ्रॉस्ट यांनी नेब्रास्कात १६ सामने जिंकले आणि ३१ गमावले, आणि २०२२ मध्ये त्यांना काढले गेले. उलट इंडियाना ही वर्षानुवर्षे हरणाऱ्यांची जागा समजली जात असे; कर्ट सिग्नेटी २०२३ च्या अखेरीस जेम्स मॅडिसन सोडून तेथे गेले तेव्हा अनेकांनी नकारार्थी मान हलवली होती, आणि २०२५ च्या हंगामात त्याच इंडियानाने एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

गेल्यानंतर काय तपासावे

बातमी पक्की झाली की पहिला प्रश्न असतो, उरलेला सामना कोण सांभाळणार. २००९ मध्ये ब्रायन केली अपराजित सिनसिनाटी सोडून नोट्र डेमला गेले आणि शुगर बाउल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात त्यांच्याविना खेळलेला संघ फ्लोरिडाकडून ५१-२४ असा हरला. फ्रॉस्ट मात्र नेब्रास्काचे पद स्वीकारूनही पीच बाउलसाठी थांबले, आणि सेंट्रल फ्लोरिडाने ऑबर्नला ३४-२७ असे हरवून हंगाम १३-० असा, म्हणजे एकही सामना न हरता, पूर्ण केला.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोबत कोण जाते. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदवही) सुरू झाले, २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता संघ बदलता येऊ लागला, आणि तेव्हापासून प्रशिक्षक एकटा जात नाही. सिग्नेटी यांच्यामागून जेम्स मॅडिसनचे दहाहून अधिक खेळाडू इंडियानाला गेले. म्हणून सहायक प्रशिक्षकांपैकी कोण थांबले, आणि बचाव व आक्रमण या दोन्ही बाजूंचे समन्वयक कोठे आहेत, याची नोंद पहिल्या आठवड्यातच घ्यावी.

उत्तराधिकारी घरातला असेल, तर गळती कमी होण्याची शक्यता असते. डॅन हॉकिन्स २००५ च्या हंगामानंतर कोलोरॅडोला गेले तेव्हा बॉइसी स्टेटने त्यांच्याच हाताखालच्या पीटरसन यांना बढती दिली. पुढच्याच हंगामात संघ १३-० राहिला आणि फिएस्टा बाउलमध्ये त्याने ओक्लाहोमाला ४३-४२ असे हरवले. बाहेरचा माणूस आणला असेल, तर त्याचा करार प्रसिद्ध होण्याची वाट पाहावी, त्यातील बायआउटची रक्कम जुन्या करारातील रकमेशी ताडून पाहावी, आणि ती कोणत्या तारखेला उतरते हे पुन्हा एकदा टिपून ठेवावे.