जुन्या रमच्या रांगेत एक पेला फेणीचा

आषाढ लागला की श्रावणाच्या आत आमची एक बैठक होतेच. गोव्यात डिचोलीच्या घरी सोप्यावर थोरले भाऊजी, सत्तरी तालुक्यात काजूचा डोंगर असलेले काका, मावसभाऊ आणि मी. भाचा क्रूझ जहाजावर कामाला आहे, तो सुट्टीवर येताना बाटल्या आणतो. कुठली रम सरस यावर आम्ही बरीच वर्षं नुसते वाद घातले, मग एकदा रीत बसवली. ती कुणालाही घरी जमेल.

पेले चारच ठेवा. त्यापुढे जीभ थकते आणि माणूस चव सोडून आठवणी सांगायला लागतो. प्रत्येकात १५ मिली, म्हणजे सगळे मिळून ६० मिली, एक लार्ज पेग. गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा. पेला तोंडाकडे निमुळता हवा, वाइनचा छोटा ग्लास चालतो. बर्फ नको, कोक नको. आपल्याकडच्या उकाड्यात दारूची वाफ नाकात झोंबते, म्हणून बाटल्या अर्धा तास विहिरीच्या पाण्याच्या बादलीत ठेवतो आणि ओतल्यावर प्रत्येक पेल्यावर बशी झाकतो. त्या संध्याकाळी घरात बांगडे तळायचे नाहीत, अगरबत्ती लावायची नाही. ओततं दुसरंच कुणीतरी. आमच्याकडे माझी बायको आत ओतते, पेल्याखाली आकडा लिहिलेला कागद ठेवते आणि यादी स्वतःजवळ ठेवते. लेबल दिसलं की जीभ लेबलाचंच ऐकते, हे मी माझ्यावरून सांगतो.

रांगेत तीन रम: ओल्ड मंक, जमैकाची ॲपलटन इस्टेट १२ आणि गयानाची एल डोराडो १५. चौथी काजूची फेणी. हा चौथा पेला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

कारण आमच्या फेणीने लाकूड पाहिलेलं नसतं. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, ‘कोळंबी’ नावाच्या कुंडीत तुडवून काढलेला रस आपोआप आंबतो, भट्टीवर पहिल्या वेळी उतरतो तो हुर्राक, आणि दुसऱ्यांदा उतरते ती फेणी. (हुर्राक या रांगेत आणू नका. तो सौम्य असतो, पावसापर्यंत टिकतही नाही, त्याची मजा एप्रिलमध्ये लिंबू-मीठ लावून.) फेणी मातीच्या भांड्यात किंवा काचेच्या मोठ्या बाटलीत, गराफांवात, राहते. म्हणजे तिच्या वासात जे आहे ते फळाचं, आंबण्याचं आणि भट्टीचं. रममध्ये हे सगळं असतंच, वर लाकडी पिंपाचं देणं असतं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर वेगळं काढता येतं: व्हॅनिला, लवंग, सुक्या लाकडाचा तुरटपणा हे पिंपाचं. अति पिकलेलं अननस, केळं, किंचित वार्निशसारखा झणका हे आंबण्याचं. जमैकाच्या काही भट्ट्या उसाच्या मळीचं मिश्रण मुद्दाम दीर्घकाळ आंबवतात. तिथल्याच हॅम्पडेनची रम भाच्याने आणली तेव्हा काका पहिल्याच वासाला म्हणाले, ‘ही आमच्या फेणीच्या गोत्रातली.’ पुस्तक न वाचता त्यांना ते कळलं, कारण ते नाक मार्च ते मे भट्टीवरच असतं.

मात्र फेणी सर्वांत शेवटी घ्या. पहिल्या वर्षी मी ती आधी ठेवली आणि नंतरच्या तिन्ही रम गुळाच्या पाण्यासारख्या लागल्या, अख्खी संध्याकाळ फुकट गेली. आता तिचा पेला बोलावल्याशिवाय सोप्यावर येत नाही.

दुसरी गोष्ट कसाची, म्हणजे पेयात मद्यार्क किती टक्के त्याची. सगळे पेले एकाच कसावर आणल्याशिवाय तुलना खरी होत नाही, कडक असते तीच दमदार वाटते. फेणी आणि ओल्ड मंक दोन्ही ४२.८ टक्क्यांच्या. हा आकडा इंग्रजांच्या जुन्या मापातल्या ७५ प्रूफचा. बाकीच्या दोन ४३ च्या, तेव्हा तिथे काही करावं लागत नाही. पण हरियाणातली कामिकारा १२ घेतलीत तर ती ५० टक्क्यांची आहे, १५ मिलीत अडीच मिली पाणी घाला. औषधाची बिनसुईची सिरिंज त्याला उत्तम.

वास घेताना तोंड थोडं उघडं ठेवा, नाक पेल्यात खुपसू नका. पहिला घोट जिभेला फक्त सावध करतो, मत दुसऱ्यावर द्या आणि लिहून ठेवा. बोलणं चारही संपल्यावर.

आकड्यांना भुलू नका. ॲपलटनवरचे १२ म्हणजे आतली सर्वांत कोवळी रमही १२ वर्षांची. ग्वाटेमालाच्या झाकापा २३ मध्ये मात्र ६ ते २३ वर्षांच्या रम सोलेरा पद्धतीने, म्हणजे जुन्या रममध्ये नवी भरत भरत, मिसळलेल्या असतात. शिवाय उष्ण प्रदेशातलं वय वेगळं मोजावं लागतं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जातं, कॅरिबियनमध्ये सहा टक्के किंवा जास्त. सहा टक्क्यांनी १२ वर्षांत पिंप निम्म्याखाली येतं. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची व्हिस्की पिकते ती अशाच उकाड्यात, म्हणून थोड्या वर्षांतही तिच्यात लाकूड ठळक लागतं.

गोडीचीही परीक्षा करा. दोन थेंब तळहातावर घेऊन सुकेपर्यंत चोळा. फेणीने हात कोरडा राहतो. आमच्या एका बैठकीत सर्वांत मऊ म्हणून पहिली आलेल्या रमने तळवे चिकट झाले. तो मऊपणा पिंपाचा नव्हता, साखरेचा होता. भाऊजींनी तेव्हाच आपले गुण बदलले.

पेले रात्री धुवू नका. सकाळी चहाच्या आधी रिकाम्या पेल्यांत नाक घाला. दारू उडून गेलेली असते आणि ज्या रममध्ये खरंच पिंप मुरलंय तिच्या पेल्यात सुतारकामाच्या ताज्या भुशासारखा, थोडा गुळासारखा वास उरतो. आम्ही यादी उघडतो ती त्या वासानंतर.