पसरणी घाटाआधी गुडघा कसा सावरला

कर्करुग्णांच्या उपचारांसाठी निधी उभारणाऱ्या सातारा ते महाबळेश्वर सायकल फेरीत मी नाव दिले होते, आणि शेजाऱ्यांनी विश्वासाने वर्गणी हाती ठेवल्यामुळे ती अर्ध्यावर सोडणे मला मान्य नव्हते. परंतु सरावात यवतेश्वरचा चढ चढताना दर वेळी गुडघ्याची वाटी पुढून दुखू लागे. पंधरा दिवस मलम चोळले, ते व्यर्थ गेले.

दोष सीटच्या उंचीत होता. सीट खाली असली की पॅडल वर येताना गुडघा गरजेपेक्षा अधिक दुमडतो आणि वाटीवरचा दाब वाढतो. म्हणून भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसलो, पॅडल सर्वांत खाली नेले आणि त्यावर टाच ठेवल्यावर पाय सरळ होईल इतकी सीट चढवली. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक उरतो. हा बदल मी एकदम न करता ५-५ मिलिमीटरने केला, कारण सीट फार उंच झाली तर कंबर डुलते आणि गुडघ्यामागे ओढ बसते. जड गिअरवर जोर लावण्याची सवयही सोडली.

फेरीच्या दिवशी वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला पोहोचलो तेव्हा पाय थकले होते, गुडघा मात्र दुखत नव्हता.