फीडबॅक आल्यावर पटकथेचा दुसरा ड्राफ्ट कसा लिहावा

पहिला ड्राफ्ट चार जणांना वाचायला दिला, चौघांचे फोन येऊन गेले आणि आता वहीत तीसेक सूचना आहेत. त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या विरोधात. बहुतेक जण इथे पहिल्या पानापासून एकेक सूचना दुरुस्त करत सुटतात आणि फसतात. यंत्रमागावर दोष दिसतो समोरच्या कापडात, पण ताण्याचा उभा धागा तुटलेला असतो मागे, बीमच्या, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाच्या बाजूला. सोलापुरात हे वेगळं सांगायला नको. पटकथेचंही तेच. तक्रार सीन ५८ची असते आणि बिघाड सीन १४ मध्ये.

ऐकताना

वाद घालू नका. ‘अहो, ते पुढे कळतं की’ हे वाक्य ओठांवर आलं की गिळून टाका. थिएटरात प्रेक्षकाच्या शेजारी बसून तुम्ही ते सांगणार नाही. त्याऐवजी विचारा: वाचताना खाली कुठे ठेवलंत? कुणाची काळजी वाटली? मध्यंतराला पुढे काय होईल असं वाटलं? ‘आवडलं का’ हा प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही. नंतर दोन-तीन दिवस फाइल उघडू नका. ओळखीतल्या एका चांगल्या वाचकाला पहिला ड्राफ्ट मुद्दाम देऊच नका. दुसऱ्या ड्राफ्टला कोरी नजर लागते आणि ती एकदाच मिळते.

सूचनांची वही

चार रकाने आखा: सीन क्रमांक, तक्रार, सुचवलेला उपाय, आपलं निदान. तक्रार आणि उपाय वेगळे लिहिणं महत्त्वाचं, कारण वाचकाची तक्रार सहसा खरी असते आणि त्याचा उपाय सहसा चुकीचा. ‘इथे एक गाणं टाका’ याचा अर्थ ‘इथे मला कंटाळा आला’ एवढाच घ्या. एकाच जागेवर दोघांनी बोट ठेवलं असेल, तर त्यांची कारणं जुळोत न जुळोत, तिथे बिघाड आहे. एकट्याचीच सूचना असेल आणि ती पटतही नसेल, तर तिच्यावर काट मारा आणि पुढे चला.

निर्मात्याची सूचना वेगळी धरा. ‘गड्ड्याचा सीन परवडणार नाही’ असं तो म्हणाला तर तो चवीचा नव्हे, हिशेबाचा प्रश्न आहे. गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास. होम मैदानावरची ती गर्दी शूटिंगसाठी पुन्हा उभी करणं महाग. मग त्या सीनमध्ये नक्की काय घडतं ते पाहा. दोन माणसांची ताटातूट होत असेल, तर ती पाळण्यांच्या मागच्या बोळातही होऊ शकते. गर्दी आवाजातून ऐकू येईल.

कार्डं

प्रत्येक सीनचं एक कार्ड करा, वर सीन क्रमांक आणि खाली एकच ओळ: सीनच्या सुरुवातीला काय होतं, शेवटी काय बदललं. दोन तासांच्या सिनेमाला साधारण साठ-सत्तर कार्डं होतात. ज्या कार्डावर ‘काय बदललं’ला उत्तर नाही, तो सीन कापा किंवा शेजारच्यात मिसळा. ‘उत्तरार्ध रेंगाळतो’ या तक्रारीचं मूळ बहुधा अशाच तीन-चार कार्डांत असतं: प्रेक्षकाला माहीत असलेली गोष्ट एक पात्र दुसऱ्याला पुन्हा सांगत बसतं. (एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पंखा बंद करून बसणं अशक्य. कार्डं जाड सोलापुरी चादरीला सेफ्टी पिनांनी टोचा. उडत नाहीत आणि भिंतीवर टांगताही येतात.)

दुरुस्तीचा क्रम

आधी रचना, मग पात्रं, मग एकेक सीन आणि संवाद सगळ्यांत शेवटी. उलट केलंत तर आठ दिवस घासलेले संवाद असलेला सीनच कापावा लागतो आणि तो कापवत नाही. फाइल नव्या नावाने, तारखेसह साठवा. काढलेले सीन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. जो सीन मुळापासून बदलायचा, तो जुन्यावर खाडाखोड न करता कोऱ्या पानावर लिहा.

एक नमुना पाहा. गोष्ट सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्याची. तक्रार: ‘शेवटी मल्लू मालकाला माफ करतो ते पटत नाही.’ लेखक शेवटचा सीन पाच वेळा लिहितो, फरक पडत नाही. दोष मधल्या सीनमध्ये आहे:

मल्लू : मालक, आमच्या ताईच्या लग्नाला तुम्ही चाळीस हजार उचल दिली, ते मी विसरलो नाही. पण आता माग विकून तुम्ही आम्हाला रस्त्यावर आणताय.
मालक : धंद्यात आता काही राहिलं नाही, मल्लू. वीजबिलसुद्धा निघत नाही.

दोघांनाही ठाऊक असलेलं दोघं एकमेकांना सांगतायत. मालकाला काय गमवावं लागतंय ते दिसतच नाही. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये:

मालक उचलीची वही काढतो. मल्लूच्या नावाचं पान. त्यावर आडवी रेघ मारतो.
मालक : फिटलं.
मल्लू : मी मागितलं नव्हतं.
मालक : उद्यापासून येऊ नको.

कर्ज माफ होतं त्याच क्षणी नोकरी जाते. पण ही रेघ कळायला ती वही आधी दिसलेली हवी. म्हणून सीन १४ मध्ये, जिथे उचलीचा फक्त उल्लेख होता, तिथे मल्लू त्या पानावर सही करताना दाखवायचा. शेवटच्या सीनला हात लावायची गरज बहुधा उरत नाही.

असा प्रत्येक बदल पुढे-मागे ओढ देतो. वही आली, मग ती कुठे ठेवलेली असते? सहीची तारीख लग्नाच्या आधीची आहे ना? ताईचं वय जुळतं का? बदलांची यादी करून फक्त एवढंच तपासत पूर्ण ड्राफ्ट एकदा वाचा. त्या वाचनात संवादांना हात लावायचा नाही.

भाषा

सोलापूरच्या पटकथेवर बाहेरगावचा वाचक हमखास म्हणतो, ‘बोली कळत नाही.’ घाबरून सगळं पुस्तकी करू नका. कळीची माहिती नेमक्या अनोळखी शब्दात अडकली आहे का ते पाहा. तसं असेल तर ती कृतीत किंवा समोरच्याच्या उत्तरात हलवा. ‘काय बे, माग का बंद?’ कुणालाही कळतं. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी पात्रं असतील तर ते संवाद देवनागरीत लिहून खाली मराठी अर्थ द्या. आजी आणि नातू एकाच ठेक्यात बोलत असतील, तर मात्र वाचकाची तक्रार रास्त आहे.

लांबी आणि शेवटची तपासणी

एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरलेल्या मांडणीचा: कुरिअर फॉण्ट, १२ पॉइंट. देवनागरीत फॉण्ट आणि ओळींतलं अंतर बदललं की तो कोलमडतो. मोबाइलचं घड्याळ लावून पूर्ण पटकथा मोठ्याने वाचा, संवाद दोघा-तिघांत वाटून. कृतीच्या ओळींनाही वेळ द्या. जीभ जिथे दोनदा अडखळते ते वाक्य छाटा.

मग राखून ठेवलेल्या वाचकाकडे ड्राफ्ट पाठवा आणि काय बदललं ते त्याला सांगू नका. कथा बरीच बदलली असेल, तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नवा ड्राफ्ट पुन्हा नोंदवा. सभासदांना ऑनलाइन नोंदणी करता येते. शूटिंगची तयारी सुरू झाल्यावर सीन क्रमांक गोठवा: नवा सीन आला तर ‘२४ अ’ करा आणि कापलेल्या सीनचा क्रमांक ‘रद्द’ म्हणून तसाच ठेवा, नाहीतर कॅमेरावाले आणि कपडेपटवाले वेगवेगळे सीन हातात घेऊन सेटवर येतील.